दोघी जावा आणि जुना कॉम्प्रेसर

टेम्पोतून कॉम्प्रेसर खाली उतरला, टेम्पोवाला गेला, आणि धाकटीचा नवरा हात झटकत म्हणाला, "झालं. आता फक्त वायर जोडायची आणि बटण दाबायचं."

धाकटीने यंत्राभोवती एक चक्कर मारली. कमरेइतक्या उंचीच्या लोखंडी चौकटीत एका बाजूला मोटर होती, मधे जाड बेल्ट आणि पलीकडे तीन डोकी, प्रत्येक पुढचं आधीच्यापेक्षा लहान. पहिलं डोकं हवा दाबतं, दुसरं तीच हवा आणखी दाबतं, आणि तिसरं इतकी दाबतं की पाणबुड्याच्या पाठीवरच्या सिलेंडरमध्ये तासाभराचा श्वास मावतो. चौकटीवर निळा रंग नवा होता, पण खालच्या नट-बोल्टवर गंज तसाच होता. रंग मारणाऱ्याने वाकायचा कंटाळा केला होता.

"किती दिवस बंद होता हा?" तिने विचारलं.

"कसले दिवस! पाणबुडे शिकवायची शाळा होती, ती बंद पडली म्हणून विकला त्यांनी. एकदम चालू कंडिशन आहे."

"चालू होता तर टेम्पोत चढवायच्या आधी चालवून का नाही दाखवला?"

"लाइट नव्हती तिथे."

धाकटीने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. त्याला माणसं लगेच पटायची, विशेषतः घाईत असलेली. धक्क्यामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. तो बंदरातल्या बोटींचे तळ आणि पंखे पाण्याखाली जाऊन साफ करायचा. ती लोकांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवायची. स्वतःचा कॉम्प्रेसर नसल्यामुळे रिकामे सिलेंडर गाडीत घालून लांबच्या गावी जायचं आणि भरून आणायचे, असं बरीच वर्षं चाललं होतं. त्या हेलपाट्यांना दोघंही विटले होते. म्हणून हा जुना कॉम्प्रेसर घेतला होता.

"हा आधी कुणाला तरी दाखवायला पाहिजे," धाकटी म्हणाली.

"कुणाला?" असं नवऱ्याने विचारलं खरं, पण विचारता विचारताच तो पाना शोधायला वळला. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. श्वासाच्या हवेची यंत्रं ज्याला खरोखर कळतात असं माणूस त्या गावात एकच होतं, आणि ते माणूस म्हणजे त्याची वहिनी. धाकटीची थोरली जाऊ.

दोघी जावा एकमेकींना पाण्यात पाहतात, असं गल्लीतले लोक म्हणायचे आणि पाणबुड्यांच्या घरात दुसरीकडे कुठे पाहणार, असं म्हणून हसायचे. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पूर्वी दोघा भावांचं दुकान एकच होतं. थोरली हवेचं बघायची, धाकटी शिकवायची. एके दिवशी धाकटी दोन शिकाऊंना घेऊन पाण्याखाली असताना तिचं डोकं फुटायला लागलं, नजरेसमोरचे दोघे चार झाले, आणि मग काहीच आठवेनासं झालं. त्या दोघांनीच तिला ओढून वर आणलं. ती शुद्धीवर आली तेव्हा बोटीच्या काठावरून ओकत होती. डॉक्टर म्हणाले, रक्तात धुराचं विष आहे, कार्बन मोनॉक्साइड. सिलेंडरमधली हवाच खराब होती.

हवा थोरलीच्या ताब्यात. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तेव्हा घरातल्या सगळ्यांसमोर ती एकदाच म्हणाली, "तो सिलेंडर मी भरलेला नाही." मग कुणी भरला, यावर कुणीच तोंड उघडलं नाही. धाकटीला वाटलं, चूक झाली ती झाली, वर खोटंही बोलते. ती तसं तोंडावर म्हणालीही. महिन्याभरात थोरल्या भावाने वाटा मोडला आणि थोरली हॉस्पिटलच्या ऑक्सिजन प्लांटवर नोकरीला लागली. त्यानंतर दोघी लग्नाकार्यात समोरासमोर आल्या तरी एकीने पंगतीचं एक टोक धरायचं आणि दुसरीने दुसरं.

नवरा वहिनीकडे जाणार नाही हे धाकटीला माहीत होतं. म्हणून तीच गेली.

हॉस्पिटलच्या मागे, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, प्लांटची खोली होती. थोरली एका टाकीला कान लावून उभी होती. धाकटीला दारात पाहून तिने कान काढला नाही.

"बोल," ती टाकीशी बोलल्यासारखी म्हणाली.

"आम्ही कॉम्प्रेसर घेतलाय. जुना. तुम्ही एकदा बघाल का?"

"कोण मेलं म्हणून माझी आठवण झाली?"

"अजून कुणी नाही. मरू नये म्हणून आलेय."

थोरली सरळ झाली. तिचे केस आता कानापाशी पांढरे झाले होते, पण कपाळावरची आठी तीच होती. "भाऊजींनी पाठवलं?"

"त्याला सांगितलेलं नाही."

"म्हणजे तो काल आणलेला डबा आज चालू करून मोकळा झाला असता, आणि तुला भीती वाटली. बरोबर?"

धाकटीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तुम्हाला यायचं नसेल तर तसं सांगा. टोमणे ऐकायला मी आले नाही."

"टोमणे फुकट आहेत, ते मिळणारच," थोरली म्हणाली. "येईन मी. तुझ्यासाठी नाही. तुझ्याकडे शिकायला येणाऱ्या लोकांनी माझं काही घोडं मारलेलं नाही, त्यांच्यासाठी. पण मी हो म्हणेपर्यंत त्या यंत्रातून एकही सिलेंडर भरायचा नाही. पूर्ण तर नाहीच, अर्धाही नाही. हे कबूल असेल तर येते, नाही तर तो डबा भंगारात घाल."

"कबूल."

"तुझं नाही विचारलं. त्याला विचारून ये."

नवऱ्याने आधी बरीच कुरकुर केली. "ती इथे येणार? आपल्या दुकानात? आधी तुझा जीव घेत होती, आता यंत्राचा घेईल." शेवटी तो हो म्हणाला, कारण दुसरा उपाय नव्हता, आणि कदाचित बायकोने ज्या नजरेने पाहिलं त्यामुळेही.

थोरली ठरलेल्या दिवशी आली ती स्वतःच्या हत्यारांची पेटी घेऊन. दुकानातला एकही पाना तिने हातात घेतला नाही. पाणी दिलं तर प्यायली नाही, आणलेल्या बाटलीतलं प्यायली. आधी तिने बेल्ट काढला आणि चाक हाताने फिरवून पाहिलं. ते फिरलं, पण मधेच एका जागी अडून. मग खालचा नट उघडून ऑइल परातीत काढलं. काळं, घट्ट, करपलेल्या वासाचं.

"हे काय आहे?" तिने यंत्राला विचारलं.

हीच तिची पद्धत होती. ती यंत्राशी बोलायची आणि उत्तर धाकटीने द्यायचं. अशा रीतीने दोघींना एकमेकींशी न बोलता बोलता येत होतं.

"ऑइल," धाकटी म्हणाली.

"गाडीच्या इंजिनाचं ऑइल. श्वासाच्या हवेच्या यंत्राला त्याचं वेगळं ऑइल लागतं. हे आत तापतं, जळतं, आणि जळालं की त्याचा धूर हवेबरोबर सिलेंडरमध्ये. वर दुकानात कुणी ती हवा हुंगली तर कळणारसुद्धा नाही. पण खाली पाण्याचा दाब आला की तेच थोडंसं विष कितीतरी पटीने अंगात शिरतं." तिने बोट कापसाला पुसलं. "हे कुणाला तरी माहीत असेल अशी माझी अपेक्षा आहे."

"मला माहीत आहे. माझ्या अंगात शिरलं होतं."

थोरलीचा हात क्षणभर थांबला. मग तिने दुसरा नट सैल करायला घेतला.

शेवटच्या डोक्याच्या नळीवर सेफ्टी व्हॉल्व्ह होता. दाब हद्दीबाहेर गेला की तो आपोआप उघडायचा आणि हवा बाहेर फेकायचा, म्हणजे नळी किंवा फिल्टर फुटत नाही. त्याला कारखान्याचं शिशाचं सील असतं. ते तोडलेलं होतं आणि वरचा स्क्रू मुळापर्यंत आवळलेला होता.

"हा सारखा उघडत असणार," थोरली म्हणाली. "का उघडतोय ते शोधायच्या ऐवजी त्याचा गळाच आवळला. शाबास. ज्याने हे केलं तो आणि ज्याने हे न बघता विकत घेतलं तो, दोघांना एका खुर्चीवर बसवून बाजूला हे चालू करायला पाहिजे."

धाकटीचा नवरा दारातच उभा होता. "वहिनी, चुका काढायला सोपं असतं."

"सोपं नाहीये, भाऊजी. मान मोडते वाकून. टॉर्च धरता का जरा? नाही? मग उजेडातून बाजूला व्हा."

तो गेला. पुढचे काही दिवस तो दुकानात येताना अशी वेळ साधायचा की थोरली नसेल, आणि थोरली असली की त्याला धक्क्यावर काहीतरी काम निघायचं.

काम हळूहळू पुढे सरकलं. हवेतलं ऑइल आणि पाणी गाळणारा फिल्टर एका जाड लोखंडी नळकांड्यात बसतो. ते नळकांडं आतून गंजून आलं होतं का हे नुसतं बघून कळत नाही, म्हणून थोरलीने ते पाण्याच्या दाबाने तपासायला बाहेर वर्कशॉपमध्ये पाठवलं. हवा भरून का नाही तपासत, असं धाकटीने विचारलं. "पाण्याने फुटलं तर जमीन ओली होते," थोरली म्हणाली. "हवेने फुटलं तर भिंत पडते." नळकांड्याच्या आतलं गाळणं फुगून चिखल झालं होतं. तिने ते कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. नवं गाळणं आलं, ते मात्र तिने दुकानात ठेवलं नाही. पेटीत घालून घरी नेलं.

"इथे राहिलं तर काय पळून जाईल?" धाकटीने विचारलं.

"पळून नाही जाणार. कुणीतरी बसवेल."

या अविश्वासाचा धाकटीला इतका राग आला की ती त्या दिवशी पुढे एक अक्षर बोलली नाही. टॉर्च धरली, पण थोरलीला हवी होती त्यापेक्षा वीतभर बाजूला.

हवा आत ओढणाऱ्या नळीवरून तर चांगलीच जुंपली. नवऱ्याच्या मनात ती खिडकीतून गल्लीत सोडायची होती. गल्लीत दिवसभर टेम्पोवाले इंजिनं चालू ठेवून उभे असायचे, आणि तो धूर सरळ नळीत ओढला गेला असता. थोरली म्हणाली, नळी छतावर जाईल. नवरा म्हणाला, छतावर पाइप न्यायचा म्हणजे भिंत फोडायची. थोरली म्हणाली, मग फोडा. "तुम्हाला आमच्या दुकानाची भिंत फोडायची हौसच आहे," तो म्हणाला. "एकदा फोडली की तुम्ही." थोरलीने छिन्नी उचलून त्याच्या हातात दिली. "घ्या. या वेळी तुम्ही फोडा." त्याने फोडली. धाकटीने पाइप वर नेला आणि त्याच्या तोंडाला पाऊस जाऊ नये म्हणून वाकडा कोपर बसवला.

मग नळकांडं तपासणीत पास होऊन आलं. डोकी जोडली गेली, नवं ऑइल घातलं, बेल्ट चढला. मोटर उलटी तर फिरत नाही ना, हे चाकावरच्या बाणाशी ताडून पाहिलं. सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवला. आणि दुपारी थोरलीने यंत्र पहिल्यांदा चालू केलं, नळ्या उघड्या ठेवून, दाब न धरता. ते आधी खोकलं, मग घरघरलं, मग एका लयीत चालायला लागलं. धाकटीचा नवरा धावत आत आला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की तो वहिनीकडे बघून हसलासुद्धा.

थोरली हसली नाही. "आज याला जे ओकायचं ते ओकू दे. आत कित्येक वर्षांची घाण आहे. हे ऑइल ती धुऊन काढेल. उद्या ऑइल पुन्हा बदलायचं, शेवटचं डोकं उघडून साफ करायचं, गाळणं बसवायचं, आणि मग हवा तपासायची. आत्ता हे तयार नाही." तिने दोघांकडेही पाहिलं, जणू स्वतःलाही बजावत होती. "आवाज चांगला आहे म्हणजे हवा चांगली आहे असं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, पेटी खाली ठेवली आणि सवयीने शेवटच्या डोक्यावर हात ठेवला. हात लगेच काढला नाही. तिथेच ठेवून ती धाकटीकडे वळली, आणि पहिल्यांदाच यंत्राला मधे न घेता सरळ तिला विचारलं.

"हे गरम का आहे?"

धाकटी शटरला कुलूप अडकवत होती. "काय?"

"हे डोकं कोमट आहे. कुणी चालवलं?"

धाकटीने रॅककडे पाहिलं. काल रॅकमध्ये सगळे सिलेंडर रिकामे होते. त्यातला एक आता नव्हता, आणि दुसऱ्याच्या मानेला भरल्याची खूण म्हणून पट्टी चिकटवलेली होती. नवरा पहाटेच उठून गेला होता. एका बोटीच्या पंख्यात दोर अडकलाय, मालक घाईत आहे, भरलेला सिलेंडर एका ओळखीच्याकडून घेतलाय, असं तो झोपेतल्या बायकोला सांगून गेला होता.

थोरलीने कचऱ्याचा डबा पाहिला. जुनं गाळणं त्यात नव्हतं.

पेटीतून तिने काचेची एक बारीक नळी आणि छोटा हातपंप काढला. उरलेल्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह जरासा उघडला आणि त्याची हवा त्या नळीतून ओढली. हॉस्पिटलमध्ये हवा तपासायला हेच वापरायचे. नळीतली पूड विष असेल तितकी रंग बदलते. पूड तपकिरी होत गेली, खुणा ओलांडत गेली, आणि शेवटच्या रेघेशी जाऊन थांबली.

"कुठे गेलाय तो?" थोरलीने विचारलं.

धाकटी तोवर गल्लीत पळत होती.

धक्क्याच्या टोकाला बोट बांधलेली होती. मालक डेकवर खुर्ची टाकून बसला होता. पाण्यावर बुडबुडे येत होते, पण सलग नाही; एक झोत, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. बोटीच्या कठड्याला बांधलेला इशाऱ्याचा दोर पाण्यात गेला होता. धाकटीने तो धरून वर येण्याचे झटके दिले. खालून उत्तर यायला हवं होतं. आलं नाही. तिने पुन्हा दिले.

"अहो, त्यांना काम करू द्या," मालक म्हणाला. "मला दुपारच्या आत निघायचंय."

धाकटीने चपला काढल्या आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली.

पाणी तिथे फार खोल नव्हतं. पंखा दोन माणसांच्या उंचीइतका खाली होता. नवरा पंख्यासमोर तरंगत होता, हातात सुरी धरून, आणि समोरच्या दोराकडे असा बघत होता की जणू हा दोर म्हणजे काय हे कुणीतरी त्याला समजावून सांगावं. तिने त्याचं मनगट धरलं. त्याने तिला ओळखलं नाही. सुरी असलेला हात त्याने हिसडला आणि तिच्या बाहीला चीर पडली. तिची हवा संपत आली होती. तिने मागून त्याच्या सिलेंडरचा पट्टा पकडला, खालच्या गाळात पाय रोवले आणि जोर करून त्याला वर ढकललं.

वर मागोमाग पोचलेली थोरली धक्क्यावर पालथी पडून हात खाली सोडून होती. तिने दिराला जॅकेटच्या गळपट्टीला धरून शिडीवर ओढलं. मालकही आता खुर्चीवरून उठला. तिघांनी मिळून त्याला वर घेतलं. त्याने ओकारी काढली. त्याचे ओठ विचित्र लाल दिसत होते.

धाकटीच्या गाडीत ऑक्सिजनची छोटी बाटली असायची, शिकाऊंसाठी. थोरलीने ती आणायला सांगितली, मास्क त्याच्या तोंडावर दाबून धरला आणि मालकाला अँब्युलन्स बोलवायला लावली. धाकटी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तिच्या कपड्यांतून पाणी गळत होतं आणि बाहीतून थोडं रक्त.

जरा वेळाने त्याचे डोळे स्थिरावले. त्याने मास्क बाजूला सारला. "काही नाही झालेलं," तो जड जिभेने म्हणाला. "उगाच घाबरता. नुसतं डोकं धरलंय. या वेळी गाडी तरी मी लांब लावली होती."

बोटीचा मालक फोनवर पत्ता सांगत होता.

"या वेळी?" धाकटीने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. आपण काय बोललो हे त्याच्यापर्यंत हळूहळू पोचत होतं. त्याच्या चेहऱ्यावर ते पोचताना तिला दिसलं. त्याने डोळे मिटले.

थोरलीने मास्क पुन्हा त्याच्या तोंडावर बसवला आणि मागचा पट्टा ओढून घट्ट केला. "मास्क काढू नका, भाऊजी," ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीही नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये त्याला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, उतरेल विष. दोघी जावा बाहेर बाकावर बसल्या. मधे एका माणसाची जागा सोडून.

शेवटी धाकटी म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"मला एवढंच माहीत होतं की मी भरला नव्हता. दुकानात दुसरं भरणारं कोण होतं, ते ओळखायला पंचांग बघावं लागत नव्हतं."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

थोरली तिच्याकडे वळली. "सांगितलं नाही? सगळ्या घरासमोर सांगितलं. तू समोरच बसली होतीस. अंगावर शाल घेऊन. तूच म्हणालीस, वहिनी खोटं बोलतात. आठवतंय की त्या विषाबरोबर तेही गेलं?"

धाकटीला आठवत होतं. शालीचा रंगसुद्धा आठवत होता. तिने तोंड उघडलं.

"नको," थोरली म्हणाली. "माफी मागू नकोस. तू मागितलीस की मला 'असू दे' म्हणावं लागेल, आणि मला ते म्हणायचं नाहीये. त्या एका वाक्यावरून माझ्या नवऱ्याचा भाऊ सुटला, माझं दुकान सुटलं, आणि मी नव्याने एका माणसाखाली नोकरीला लागले ज्याला व्हॉल्व्ह आणि नळ यांतला फरक कळत नव्हता. ते 'असू दे' मधे बसत नाही." ती उठली. "माझी ड्यूटी आहे. तो शुद्धीवर आहे, तू इथे आहेस, माझं काम नाही."

नवरा घरी आला तो तोंड पाडून. धाकटीने त्याला खाऊ-पिऊ घातलं, औषधं दिली, आणि तो नीट बसून बोलू शकतो हे पाहिल्यावर समोर खुर्ची ओढली.

"बोल."

"काय बोलू? घाई होती. तुझे शिकाऊ बोटीत थांबले होते, एक सिलेंडर कमी पडत होता. वहिनी जेवायला गेल्या होत्या. मी भरला. गाडी नळीजवळ उभी होती हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"आणि नंतर लक्षात आलं तेव्हा?"

"तू वाचली होतीस. मला वाटलं, आता बोलून काय उपयोग? दादाने वाटा मोडला तेव्हा बोलणार होतो. मग तेही होऊन गेलं. मग किती तरी दिवस झाले."

"तू मला मारत होतास ते चुकून," धाकटी म्हणाली. "पण त्यांना तू रोज मारलंस, आणि माझ्या तोंडाने. या वेळी तर तुला सगळं माहीत होतं. आतलं ऑइल कसलं आहे, गाळणं का टाकलं, सगळं. तरी तू कचऱ्यातून ते काढून बसवलंस."

"दोर कापायला अर्धा तास लागणार होता. अर्ध्या तासाने काय होतंय असं—"

"फोन लाव. दादांना."

"आत्ता?"

"आत्ता. माझ्यासमोर. मला ऐकायचंय."

त्याने फोन लावला. चाचरत, मधेमधे थांबत, एकदा बायकोकडे आशेने बघत त्याने भावाला सगळं सांगितलं. त्याचं बोलून झाल्यावर थोरल्या भावाने विचारलं, "झालं?" तो हो म्हणाला. फोन बंद झाला.

धाकटीने त्याची अंथरुणाची वळकटी दुकानामागच्या खोलीत नेऊन टाकली. कायमची की काही दिवसांची, हे तिने त्याला सांगितलं नाही. तिला स्वतःलाही ठरवायचं होतं.

थोरली परत येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण ती आली, पेटी घेऊन, आणि ठरलेलं काम जिथे राहिलं होतं तिथून सुरू केलं. शेवटचं डोकं उघडल्यावर आतल्या पट्ट्यांवर जळालेल्या ऑइलची काळी साय निघाली. धाकटीने ती खरवडली. तिने यावेळी टॉर्च हवी तिथेच धरली होती आणि कुणी काही सांगायच्या आधी पुढचा पाना उचलत होती. ऑइल पुन्हा बदललं. नवं गाळणं बसलं. साबणाचं पाणी लावून प्रत्येक जोड पाहिला. मग थोरलीने दाब वाढवत नेला, हद्दीच्याही पुढे, आणि नवा सेफ्टी व्हॉल्व्ह कान फाटतील अशा आवाजाने उघडला. धाकटी दचकून भिंतीला टेकली. थोरलीने नुसती मान हलवली आणि मशीन बंद केलं. काचेची नळी या वेळी पांढरीच राहिली. तरी तिने हवेचा नमुना बाटलीत भरून तपासणीला पाठवला, आणि तिथून स्वच्छ असल्याचा अहवाल येईपर्यंत कॉम्प्रेसरच्या मुख्य वायरचा फ्यूज तिच्या पर्समध्ये राहिला.

तो तिने परत आणला तेव्हा पहिला सिलेंडर धाकटीने भरला. घाई न करता, सिलेंडर तापू न देता, मधेमधे यंत्रात साचलेलं पाणी सोडत. थोरली मागे उभी राहून दाबाच्या काट्याकडे बघत होती. भरून झाल्यावर धाकटी म्हणाली, "मीच घेऊन जाते खाली. दुसऱ्या कुणाच्या पाठीवर द्यायच्या आधी."

"मला काय विचारतेस? जा."

पण थोरली धक्क्यावर आली. पायरीवर बसली, पाण्याकडे पाठ करून. धाकटी खाली गेली, गाळात एकटीच बसली, आणि श्वास मोजले नाहीत, नुसते घेतले. कपाळात काही ठोकत नव्हतं. समोरून जाणारे मासे जितके होते तितकेच दिसत होते. ती वर आली तेव्हा थोरलीने मान वळवली.

"डोकं?"

"नाही."

"मळमळ?"

"नाही."

"संध्याकाळपर्यंत काही वाटलं तर हॉस्पिटलला ये. उद्यापासून द्यायला हरकत नाही." तिने पेटी उचलली.

"तुम्ही परत या दुकानात," धाकटी पाण्यातूनच म्हणाली. "हवेचं तुम्ही बघा. मी त्याला हात लावू देणार नाही. दादांशी मी बोलते."

"तू कुणाशी बोलू नकोस. तू बोललीस की काय होतं ते एकदा पाहिलंय." थोरलीने पेटी दुसऱ्या हातात घेतली. "ऑइल बदलायची वेळ झाली की कळव. ते मी करून जाईन. कारण तुम्हा दोघांवर माझा विश्वास नाही."

धक्क्याच्या तोंडाशी धाकटीचा नवरा उभा होता. सकाळपासून तो तिथे घोटाळत होता. थोरली जवळ येताच त्याने हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाला, "वहिनी, एक मिनिट—"

"बाजूला व्हा, भाऊजी," ती म्हणाली. "वाट अडवू नका."

तो बाजूला झाला. धाकटी शिडी धरून पाण्यात तशीच उभी होती. तिने जावेला गल्लीच्या वळणापर्यंत जाताना पाहिलं, मग सिलेंडरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि नवऱ्याला हाक मारली नाही. तो जड सिलेंडर तिने एकटीनेच पायऱ्यांवर चढवला.